एक खाट जास्त

फ्लॅटचा ताबा मिळाला त्या आठवड्यात आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "एक खाट जास्त घे."

घरात आम्ही चौघं. आई, मी, माझा नवरा आणि मुलगी. चौघांच्या झोपण्याची सोय झालेली होती. मी विचारलं, "पाहुण्यांसाठी का?"

"पावन्यांसाठी नाय. हॉलमदी खिडकीजवल ठेव. असू दे."

म्हातारीची हौस म्हणून मी एक साधा सिंगल बेड आणला. वर गादी घातली, चादर घातली.

खाडीकाठचं आमचं गाव आता राहिलेलं नाही. जमिनी गेल्या, घरं पाडली गेली आणि बदल्यात पनवेलच्या या बाजूला भूखंड मिळाले. आमच्या भूखंडावर बिल्डरने इमारत उभी केली, तिच्यात चौथ्या मजल्यावर आईला हा फ्लॅट मिळाला. वडील तोवर गेले होते. मी एकुलती एक, म्हणून आम्ही तिघं तिच्याजवळ राहायला आलो.

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मला रोजची सकाळ सणासारखी वाटायची. नळ फिरवला की गरम पाणी. आतून कडी लागणारा, घरातला संडास. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे कोरडी जमीन. गावच्या घरात पावसाळाभर खालून ओल यायची. उधाणाच्या दिवसांत सारवलेली जमीन मऊ पडायची आणि सकाळी अंथरुणाची घडी घालताना हाताला खारट ओलसर वास लागायचा. इथे अनवाणी चाललं की फरशी कशी ठणठणीत लागे. आईही त्यावरून मुद्दाम तळवे घासत चालायची. इमारतीखाली बसणाऱ्या गावच्या बाया जुन्या दिवसांच्या आठवणी काढू लागल्या की ही उठून वर यायची. म्हणायची, "कसली मजा व्हती? चिखलाची?"

पण त्या बेडवर ती कुणाला काही ठेवू द्यायची नाही. वाळलेले कपडे नाहीत, मुलीचं दप्तर नाही, बाजाराची पिशवी नाही. माणूस बसला तर चालायचं. वस्तू दिसली की ती उचलून खाली ठेवायची. आणि अमावास्या-पुनवेला दुपारी ती त्या बेडसमोर खुर्ची ओढून बसायची. जेवायला हाक मारली तर हाताने थांब म्हणायची. दुपार उतरली की मग जेवायची. मला वाटायचं, काहीतरी व्रत असेल. विचारलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे असे नेम असतातच.

एका भाद्रपदात नवऱ्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याने नेऱ्याहून तांदळाची गोणी पाठवली. टेम्पोवाला गोणी पाठीवर घेऊन वर आला, दारातून समोर दिसला तो बेड, त्याने तिथेच टेकवली आणि गेला. मी स्वयंपाकघरात होते. धपकन आवाज आला म्हणून बाहेर आले तर आई गोणीचे कान धरून ती खाली ओढत होती.

"आई, कंबर मोडेल!"

तिने ऐकलं नाही. गोणी फाटली आणि तांदूळ सगळ्या हॉलभर पसरला.

"तुना कोनी सांगला ह्याच्यावर भात ठेवाला?"

"मी नाही ठेवली, त्या माणसाने ठेवली. पण एवढं काय झालं त्यात?"

ती तशीच तांदळात खाली बसली. मीही बसले. आणि तिने सांगितलं.

माझी आजी, म्हणजे आईची सासू, उधाणात गेली एवढं मला माहीत होतं. मी तेव्हा लहान होते. त्या दुपारी आम्हा सगळ्या पोरांना शाळेच्या उंच ओट्यावर नेऊन बसवलं होतं आणि गुळाचे खडे दिले होते, एवढंच आठवतं. बाकीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आजीची एक बाजू अर्धांगाने गेलेली होती. घरात खाट एकच. एरवी तिच्यावर आजी असायची. त्या अमावास्येला जमीन फारच ओली झाली म्हणून वडिलांनी सकाळी भाताची पोती उचलून खाटेवर ठेवली. नव्या भातापर्यंत पुरवायचं तेवढंच धान्य होतं. आजीला खाली घोंगडीवर निजवलं. दुपारची भरती उतरेपर्यंतचाच प्रश्न होता. तेवढ्यात खाडीच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडल्याची हाळी आली. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग पुढची काही वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून सगळं गाव, बायकासुद्धा, चिखलाचे गोळे द्यायला बांधावर धावलं. आई रांगेत उभी होती. पुढची खांड बुजत असताना मागे, गावाच्या अंगाला, दुसरी पडली.

"घरी आयलू तवा पानी मांडीपत्तुर व्हता," आई म्हणाली. "मांडीपत्तुरच. उभ्या मानसाला काय व्हतंय तेवढ्यान?"

तिने फरशीवरचा थोडा तांदूळ मुठीत घेतला.

"भात सुका राहिला. येक दाना भिजला नाय. तेराव्याला त्योच शिजवला. तू पन जेवलीस."

तांदूळ आमच्या दोघींच्या भोवती पसरलेला होता. मी विचारलं, "बाबा काही म्हणाले नाहीत?"

"काय म्हननार? पोती त्यानीच चढवली व्हती. त्यो पन परत कंदी खाटेवर झोपला नाय."

वडील आयुष्यभर जमिनीवर झोपायचे. पाठीला बरं वाटतं, असं सांगायचे. पुढे घर विटांचं झालं, पलंग आला, तरी ते खालीच. मी ते खरं मानलं होतं.

मी तिला समजावलं. म्हटलं, "आई, तुमचं दोघांचं काही चुकलं नव्हतं. आणि इथे पाणी येत नाही. आपण चौथ्या मजल्यावर आहोत."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मना ठावं हाय चवथा माला हाय. मी काय येडी झाली नाय."

त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही. पण अमावास्येच्या दुपारी मीही हॉलमध्ये काही ना काही काम काढून बसू लागले. रिकाम्या गादीकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिकडे जायची. चादरीला सुरकुती दिसली की मी उठून ती सारखी करायचे.

आई शेवटी आजारी पडली तेव्हा आम्ही घरीच सगळी सोय केली. वरखाली होणारा पलंग भाड्याने आणला, हवेची गादी आणली, दिवसा नर्स ठेवली. आजीच्या वेळी यातलं काय होतं? आईला त्या पलंगावर ठेवल्यावर मला जरा समाधान वाटलं होतं. पण ती ऐकेना. "मना खाली ठेव."

नर्स म्हणाली, फरशी गार आहे, त्रास होईल. डॉक्टर म्हणाले, ठेवा, त्यांना बरं वाटत असेल तर. आम्ही जाड गादी फरशीवर अंथरली. मी तिच्याजवळ बसले होते. बराच वेळ ती घरात चाललेली ये-जा बघत राहिली. मग म्हणाली, "खालून नुसतं पाय दिसतान गो."

तिथेच, दोन दिवसांनी सकाळी, ती गेली.

दहाव्याला करंजाहून आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण, आजीची लेक. उधाण आलं त्या साली तिचं नवीन लग्न झालं होतं, ती दुसऱ्या दिवशी पोचली होती. आता तीच सत्तरीला आलेली. सोबत सुकटीची पिशवी होती. सुतकात चालत नाही, नंतर खा म्हणाली. जेवणं झाल्यावर ती थकलेली दिसली. हॉलमधल्या बेडकडे बोट करून तिने विचारलं, "हितं कोन निजतंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग मी जरा पडते." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पाय जवळ घेतले. तिला यातलं किती ठाऊक होतं, मला माहीत नाही. मी पंखा हळू केला आणि तिच्या अंगावर चादर घातली.

तिच्या घरी अजून नळाला दुपारी थोडा वेळच पाणी येतं. कान सतत तिकडे असतात. मी वळले तेव्हा ती डोळे मिटूनच, झोपेत बोलल्यासारखी म्हणाली, "पानी आयला का गो?"

मी आधी खाली फरशीकडे बघितलं.

"इथे दिवसभर असतं, आत्या," मी म्हटलं. "झोप तू."

ती हं म्हणाली आणि झोपली.