सदुसष्ट माणसांची ओळ

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिल्वानो एक्वारू चिंचेखालच्या टेबलाशी बसून चिठ्ठी लिहीत होते. समोरच्या मुलीला नर्सिंगच्या शाळेत प्रवेश हवा होता, आणि ती याच गावची आहे असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते काम गेली सतरा वर्षं एक्वारूंचं. ते आमच्या अपुतोन गावचे अध्यक्ष.

युगांडाच्या सरकारची उतरंड राष्ट्राध्यक्षापासून सुरू होते आणि अशाच एखाद्या टेबलाशी येऊन टेकते. ओळखपत्र, बैलाची विक्री, जामीन, बांधाचं भांडण, सगळं आधी इथे. तरी या पदाची निवडणूक सतरा वर्षं झाली नव्हती. ती आज दहा वाजता होती, आणि एक्वारूंची खुर्ची राहणार की जाणार ते दुपारच्या आत ठरणार होतं.

"आजच्या दिवशीही चिठ्ठ्या, अध्यक्ष?" मतदान अधिकारी म्हणून आलेल्या ओपोलोट मास्तरांनी विचारलं.

"दुपारपर्यंत तरी मीच आहे ना?"

"नंतरही राहाल हो."

"मास्तर, आज तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. गप्प बसा."

राष्ट्राध्यक्षाला मत देताना आम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाला जातो. गावचा अध्यक्ष मात्र उघड्यावर निवडायचा. उमेदवार मैदानात उभे राहतात. ज्याला जो हवा, त्याने त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं. सासरा बघतो, सावकार बघतो, शेजारीण बघते.

दहा वाजता एका टोकाला एक्वारू उभे राहिले, दुसऱ्या टोकाला पिठाची गिरणी चालवणाऱ्या बेट्टी अकुरुत. ओळी वाढू लागल्या. सर्वांत शेवटी एक्वारूंची बायको डेबोरा आली. ती नवऱ्यासमोरून सरळ चालत गेली आणि बेट्टीच्या ओळीत उभी राहिली.

"डेबोरा, चुकलीस गं! तुझा नवरा तिकडे!" ओळीतून कुणीतरी ओरडलं.

"नवरा कुठे आहे ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सतरा वर्षं गावभरचे भांडखोर माझ्या अंगणात बसून माझीच नाचणीची बिअर पितायत. आता जरा बेट्टीचे रांजण रिकामे होऊ देत."

दोन्ही ओळी हसल्या. एक्वारूही हसले, पण उशिरा. "रात्री जेवण मिळेल का, तेवढं सांग."

"ओळीत बोलायचं नाही, अध्यक्ष."

मास्तर मोजायला निघाले. पद्धत साधी: मास्तर खांद्याला हात लावतात, आकडा मोठ्याने म्हणतात, मोजलेला माणूस खाली बसतो. आधी बेट्टीची ओळ. माणसं एकामागोमाग गवतात बसत गेली. आकड्यांखेरीज आवाज नव्हता. अडुसष्ट.

मग एक्वारूंची ओळ. मास्तर चाळिसाच्या पुढे गेले असतील, तेवढ्यात शेवटून दुसरा उभा असलेला ओकेरेंग ओरडला, "अरे, माझा बैल!" बैल दावं तोडून शेजारच्या म्हातारीच्या भुईमुगात शिरला होता. ओकेरेंग, एक्वारूंचा चुलतभाऊ, ओळ सोडून धावला. तो बैल ओढत परतला तेव्हा मास्तर शेवटच्या माणसापाशी पोचले होते. सदुसष्ट.

मग एकच गलका झाला.

"तो सकाळपासून इथेच उभा होता!"

"बैलाला चरू द्यायचं होतं का?"

"बरोबरी झाली! परत ओळी लावा!"

मास्तरांनी दोन्ही उमेदवारांना पुढे बोलावलं. बेट्टी म्हणाल्या, "अध्यक्षांनी सांगावं. ते म्हणतील ते मला मान्य."

एक्वारूंनी एकदा स्वतःच्या ओळीकडे पाहिलं. डेबोराकडे पाहिलं नाही.

"ओकेरेंग, मास्तरांचा हात तुझ्या खांद्याला लागला?"

"नाही दादा. पण बैल..."

"लागला का?"

"नाही."

"मग तू मोजला गेला नाहीस. मास्तर, कागद आणा."

एक्वारूंनी निकालाच्या कागदावर सही केली. बंदोबस्ताला एकच पोलीस होता, तोही शेंगा सोलत होता. सव्वाशेच्या वर माणसं गवतात बसलेली होती, आणि त्यांच्या बसण्या-उभं राहण्यातून सतरा वर्षांची सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती. बराच वेळ कुणी उठलं नाही. टोपी घातलेल्या म्हाताऱ्यांनी ती काढून मांडीवर ठेवली.

डेबोरा नवऱ्याजवळ आली. "चला. नाचणीचा गोळा थंड होईल."

"दुपारचंही आहे म्हणजे."

"बिअर बेट्टीकडे. जेवण माझ्याकडे."

भुईमुगाच्या मालकिणीने संध्याकाळच्या आत बैलाची तक्रार गुदरली. गावच्या पंचांपुढे सुनावणी उद्या, बुधवारी, सकाळी नऊ वाजता आहे. अध्यक्ष: बेट्टी अकुरुत. साक्षीदार क्रमांक एक: सिल्वानो एक्वारू.