चुलीपुढची जागा

ऐन थंडीत घामाघूम झालेला एक माणूस चुलीपुढे तळवे शेकत बसलेला मी आज सकाळी पाहिला. तो माझाच नवरा होता.

निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, थंडीचे तीन महिने नाशिक सोडा. आम्ही गोव्याच्या सीमेवरचं आरोंदा निवडलं. खाडीच्या अलीकडे आमची भाड्याची खोली, पलीकडे गोवा. आठवड्याभरात यांचे गुडघे दुखायचे थांबले. पण चित्त काही थाऱ्यावर नाही. उठल्या उठल्या मोबाईलवर नाशिकचा पारा बघतात. तो उतरला असला की चेहरा खुलतो, आणि लगेच येरझाऱ्या सुरू.

आज हे घरात दिसेनात म्हणून शोधत गेले, तर शेजारच्या सुनंदाताईंच्या अंगणात सापडले. त्या आंघोळीचं पाणी तापवत होत्या आणि हे चुलीपुढे चक्क उकिडवे बसले होते.

"काकानू, थंडी वाजता?" सुनंदाताईंनी हसत विचारलं.

"छे हो, सवय," हे म्हणाले.

मला आमच्या कॉलनीचा कोपरा आठवला. पालापाचोळ्याची शेकोटी, कानटोप्या घातलेले यांच्यासकट चार म्हातारे आणि थंडीच्या नावानं रोजची बोंब. जिला जन्मभर शिव्या घातल्या, त्या थंडीनंच या चौघांना रोज एकमेकांजवळ बसवलं होतं. इथे ऊब सगळीकडे सांडलेली आहे. तिच्यासाठी कुणाला कुणाजवळ सरकावं लागत नाही.

मी खरं तर यांना चहाला बोलवायला आले होते. यांनी न बघताच जरा सरकून जागा केली. मी बसले, पदरानं घाम पुसला आणि तळवे पुढे केले.