लातूर की इथंच

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. तसा मी तोंडाचा सैल माणूस. परक्याच लग्नात आहेर करून, दोनदा जिलबी मागून आलो, ते सांगितलंय. फळ्यावर पाऊण तास चुकीचं गणित सोडवलं आणि शेवटी ‘कुठं चुकलं ते ओळखा’ म्हणून पोरांवरच ढकललं, तेही सांगितलंय. हे मात्र — नाही.

चाकूरच्या आतल्या एका आडगावच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. जूनमध्ये प्राध्यापक काय करतात, सांगा बरं? पोरं गोळा करतात. मोटारसायकलवर गावोगाव, पिशवीत प्रवेशाचे फॉर्म. पोरं भरली नाहीत की विषय बंद, विषय बंद की आम्ही घरी. त्या वर्षी फिजिक्सला एक नाव कमी होतं. एकच.

ते मिळालं काशिनाथअप्पांच्या किराणा दुकानात. त्यांची शिवलीला बारावीला हुशार निघालेली, लातूरच्या मोठ्या कॉलेजात नंबर लागलेला. अप्पांनी चहा सांगितला. म्हणाले, “सर, लातूर का इथलंच? तुमी मास्तर माणूस. फायदे-तोटे सांगा, तुमी म्हणाल तसं करू.”

मी सांगितले. घरचं जेवण, नावानं ओळखणारे सर, वर्गात मोजकी पोरं. तोटेही सांगितले — लायब्ररी लहान, लाईट जाते. चार तोटे कबूल केले की माणूस खरा वाटतो ना? प्रयोगशाळेतली निम्मी यंत्रं बिघडलेली, उरलेली कुलपात — हे तेवढं चहाबरोबर गिळलं.

साखरेच्या पुड्या बांधता बांधता शिवलीलानं विचारलं, “सर, तुमची मुलगी असती, तर कुठं घातली असती?”

“इथंच,” मी म्हणालो. “त्यात काय विचार करायचा?”

असती? चाकूरला माझ्या घरी होती की — तिच्याच वयाची. चार दिवसांपूर्वीच तिची गादी-बादली मी स्वतः लातूरच्या होस्टेलवर टाकून आलो होतो.

फॉर्मवर तिथंच सही झाली. विषय वाचला. मीही वाचलो.

तीन वर्षं ती पहिली आली. मग नांदेडला एम.एस्सी.ला गेली आणि दोन महिन्यांत परतली. चाकूरच्या स्टँडवर भेटली. म्हणाली, “सर, बाकीच्यांनी कवाच हाताळलेली यंत्रं मी पहिल्यांदा बघत होते. हसायचे. मलाच जमलं न्हाई. तुम्ही तर लई चांगलं शिकवलं होतं.”

तेव्हा सांगता आलं असतं. बसला वेळ होता, स्टँडही रिकामा. मी काय केलं? “होतं असं,” म्हणालो, आणि मान हलवली — समजूतदारपणे.

आता ती अप्पांच्या दुकानात बसते. चूक आपलीच, असं अजून धरून आहे. मी ते तसंच राहू दिलंय.