गुलाबाचं औषध, गेणूचं औषध

मखमलाबादला आमच्या आणि गेणूच्या मळ्यात एकच बांध. ब्याण्णव साली त्या बांधाआड मी मेथी खुडत होते, तेव्हा त्या नवरा-बायकोचं भांडण कानावर पडलं. मुद्दाम ऐकलं नाही. पण कान झाकलेही नाहीत.

गेणू गुलाबावर औषध मारत होता. पाठीवरचा पंप गळका, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. मालनबाई फडकं घेऊन मागं मागं.

"अहो, तोंडाला बांधा हे."

"जीव कोंडतो. हट."

"वास किती उग्र हाय!"

"त्यानं किडा मरतो, माणूस नाय मरत."

"किडा लहान हाय म्हणून लवकर मरतो," मालन म्हणाली.

मी पदर तोंडाला लावून हसले. पुढं कित्येक वर्षं ते आठवून हसायचे. आता नाही हसत.

गेणूचं आयुष्य म्हणजे रोजची एक पाटी. फुलं तोडायची, वर ओलं फडकं टाकायचं आणि पाटी सायकलवर बांधून पंचवटीत फुलाबाईच्या दुकानी टेकवायची. टेकवताना म्हणायचं, "मार लागलेलं एक जरी निघालं तर माझ्या तोंडावर फेक." फुलाबाईनं कधी फेकलं नाही, आणि यानं म्हणायचं कधी सोडलं नाही.

दोन हजार एकच्या सुमाराला त्याचा उजवा हात हलायला लागला. पाय घासत चालायचा. गेणू माळकरी, सुपारीचंही व्यसन नाही. पण बाजार तो बाजार. "गळ्यात माळ अन् सकाळीच टाकून येतो बघा!" त्याच्या पोरानं, सोमनाथनं, ते ऐकलं. घरी येऊन म्हणाला, "आबा, तुम्ही नका येत जाऊ. लाज वाटते." आणि पाटी स्वतःच्या गाडीला बांधली. त्या दिवसापासून गेणूला एकच पाहिजे होतं, पाटी परत आपल्या हातात.

गंगापूर रोडच्या डॉक्टरकडं मालननं मलाही नेलं. डॉक्टरनं विचारलं, "आधी कुठलं औषध चालू होतं?"

गेणू म्हणाला, "आलटून पालटून चार. गुलाबाला एक, शेवंतीला एक..."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं, कंपवात म्हणजे काय ते. मेंदूतल्या पेशींना आतून गंज धरतो, लोखंडाला धरतो तसा. सगळ्यांनाच थोडा थोडा धरतो. पण पेशीत राखणदार असतात, प्रोटीनचे. गंज दिसला की ते धावतात, पेशी आणखी राखणदार घडवते. वाकडं झालेलं सरळ करतात, मोडलेलं उचलून टाकतात. पण हल्ला रोजचाच झाला की ते कमी पडतात, मग त्यांच्यावरच गंज चढतो. "फवारणीनंच झालं असं छातीठोक सांगत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण नाही असंही म्हणत नाही."

एवढ्या बोलण्यातलं आम्ही दोघींनी काय घरी आणलं? प्रोटीन कमी पडलं! मी चौथी नापास, मालन तेवढीही नाही. दूरदर्शनवर अंड्याची जाहिरात मी बघितलेली. अंडी मीच सुचवली. आमच्याच कोंबड्यांची, रोज देत गेले.

माळकऱ्याला अंडं कसं चालायचं? गेणूनं माळ उतरवून खिळ्याला टांगली. डोळे मिटून पहिलं अंडं गिळलं. "पाटीसाठी," म्हणाला.

दोन वर्षं डॉक्टरनं दिलेली सकाळची गोळी, तिच्यावर दोन अंडी, वर पेलाभर दूध. माणूस लाकडासारखा होत चालला. मालननं तीन अंडी केली.

पुन्हा डॉक्टर. "गोळी कशाबरोबर देता?"

मालननं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "अहो बाई, ते राखणदार पेशी स्वतः घडवते. खाल्लेलं प्रोटीन तिथं राखणीला जात नाही. उलट पोटातून आत जायला गोळीला आणि प्रोटीनला दार एकच. अंडी आत गेली, गोळी बाहेर राहिली."

रिक्षात गेणू म्हणाला, "अक्का, तुमच्या कोंबड्या लय राखणदार निघाल्या." बोलला हसण्यासारखं, पण चेहरा हलला नाही. चेहऱ्यावरचं हसू त्या आजारानं आधीच नेलं होतं.

मग गोळी उपाशीपोटी सुरू झाली. सकाळचे दोन तास अंग मोकळं व्हायचं, तेवढेच. गेलेली दोन वर्षं काही आली नाहीत. माळही त्यानं परत घातली नाही. "बाटलेल्या गळ्यात नको," म्हणाला. मालन रोज त्या माळेवरची धूळ पुसायची.

पाटी मात्र त्यानं सोमनाथकडून ओढून घेतली. "पडाल, आबा!" "पडलो तर फुलांवर पडंन."

दोन हजार सातच्या मार्चात तो गेला. झोपेतच. आदल्या सकाळचं तेवढं सांगते, मी मेथीची जुडी घेऊन बरोबर होते.

गोळी घेऊन तो अंग मोकळं होईपर्यंत उंबऱ्यावर बसला. सहा आसनी रिक्षात पाटी मांडीवर घेतली. हात हलला की फुलं हलायची, फडक्याखालून एखादं घरंगळायचं. बाजारात कुणीतरी बोललंच, "आला बघ, टाइट."

त्यानं पाटी टेकवली. आवाज अगदी बारीक झालेला. फुलाबाईनं कान जवळ नेला.

"मार लागलेलं... निघालं तर..."

"फेकते तोंडावर. बस आता."

तिनं अर्धाच ग्लास चहा दिला, भरलेला सांडतो म्हणून. तो त्यानं दोन्ही हातांनी धरून संपवला. ओलं फडकं घडी करून रिकाम्या पाटीत ठेवलं आणि पाटी काखेत मारून रिक्षाच्या दिशेनं निघाला.