तालुकदारसाहेबांचं मुंडकं

"साहेबाचं मुंडकं कुठं हाय? अरे, तालुकदारसाहेबाचं मुंडकं कुणी कापलं बे!"

मामंजी वाड्याच्या दारालगतच्या ढाळजेत उभे राहून ओरडत होते. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकदा ओरडले की चौसाळ्याची कबुतरं उडायची आणि पाटोद्याच्या बाजारात बैल दावं तोडायचे, असं मी माहेरी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मात्र ते खरं निघतं की काय असं मलाच वाटलं. गडीमाणसं गोठ्यात दडली. आमचे हे मागच्या दारानं विहिरीवर पसार झाले.

मामंजींच्या हातात एक जाड पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर फोटो. फोटोत गावची सगळी थोर मंडळी ओळीनं बसलेली, अंगरखे, उपरणी, काठ्या, सगळं जिथल्या तिथं. फक्त डोकी नव्हती. मधोमध खुर्ची, खुर्चीत तालुकदारसाहेब, गुडघ्यावर हात, पायात चकचकीत बूट, आणि कॉलरच्या वर गोल भोक. त्या भोकातून मामंजींचा अंगठा बाहेर आला होता. मी पदराआड हसले, ते देवाला दिसलं असेल, मामंजींना दिसलं नाही.

आता हसू येतं. तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि तालुकदार म्हणजे आमच्या मुलखाचा कलेक्टर. त्याच्या घोड्याच्या टापा ऐकल्या तरी माणसं उन्हात चपला काढून उभी राहायची. आणि तो साहेब त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी, आमच्या घरी यायचा होता. मामंजींच्या चुलतभावानं अर्ज केला होता की पाटीलकी खरी त्याची. त्याचा निकाल साहेब आमच्याच ढाळजेत बसून द्यायचा होता. पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी, आणि ज्याच्या हातात ती, त्याचंच डोकं घरात कापलं गेलेलं.

हा फोटो आला कसा, ते सांगते. मागल्या फेरीला साहेबांबरोबर एक फोटोवाला होता. तीन पायांची पेटी, वर काळं फडकं. तो फडक्यात डोकं घाली तेव्हा गावातल्या बायका डोळे मिटून घेत, कारण तो आत काय करतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं चिंचेखाली पुरुषांचा एक फोटो काढला. मामंजींची घोडी कडेला उभी होती, ती ऐन वेळी हलली आणि फोटोत तिला तीन तोंडं आणि दोन शेपट्या आल्या. मग साहेबांच्या मेहेरबानीनं बायकांचाही एक काढला, आमच्या अंगणात. आम्ही पाचजणी पदर हनुवटीखाली ओढून उभ्या. कागदावर पाच पदर आले. तोंड एकीचंही नाही.

फोटो बीडहून शिपायाच्या हाती आले तेव्हा घरात श्वास घ्यायची चोरी झाली. खोटं नाही सांगत, आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कुणापुढं न वाकलेली बाई, त्यांनी तो पुठ्ठा पाटावर ठेवला, हात धुतले आणि मग बोट लावलं. म्हणाल्या, "माणूस हितं बी हाय अन्‌ तिकडं ढाळजेत खोकतोय बी. ह्यो कागदावरचा खोकत न्हाई, यवढाच फरक." मग बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण राखंत लोळल्यासारखी करून टाकलीत सगळी. रंग कुटं गेला?"

मामंजींच्या डोक्यात वेगळंच होतं. साहेबांना या फोटोंचं पुस्तक करून दाखवायचं. बीडला कुणाच्या तरी बैठकीत त्यांनी तसं पुस्तक पाहिलं होतं. तसं कोरं पुस्तक मिळावं म्हणून माणूस पार औरंगाबादला धाडला, तो हात हलवत परत आला. शेवटी मामंजी न्हाव्यापुढं बसले असताना, गालाला पाणी लावलेलं असताना, आत्याबाईंना म्हणाले, "तूच कर घरात काय तरी. साहेबाला मोठ्या जागी बसव. आन्‌ त्या माझ्या चुलतभावाला फोटोतनं कापून टाक. त्याचं तोंड मला नगं."

"येकाला कापलं तर भोक दिसंल," आत्याबाई म्हणाल्या. "मुखवटे करू का मग समद्यांचे?"

"कर काय करायचं ते," मामंजी म्हणाले, कारण वस्तरा गळ्याशी आला होता.

बस. तिथंच साहेबांचं मुंडकं गेलं.

आमच्याकडं भादव्यात महालक्ष्म्या बसतात. पितळी मुखवटा वर, खाली धान्यानं भरलेली कोठी, तिला भारीचं लुगडं, कमरेला पट्टा, गळ्यात जे घरात असेल ते सगळं. मुखवटा आणला की देवी आली. धड आपण करायचं, ते माणसाचं काम. आत्याबाईंचा हात त्यात असा बसलेला की आमच्या महालक्ष्म्या नैवेद्य खाऊन ढेकर देतात असं गावात बोललं जाई. ते मीच पसरवलं होतं, पण विश्वास सगळ्यांनी ठेवला. तेव्हा त्यांना मुखवटे करायला सांगणं म्हणजे काय सांगणं हे मामंजींना कळायला हवं होतं.

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घातले, चिंचोक्याची खळ शिजवून चोपडली, आणि वर जात्याची तळी ठेवून उन्हात वाळवले. त्याची पानं झाली, भाकरीसारखी ताठ. खळीत कडुलिंबाचा पाला उकळून घातला, नाहीतर मुंग्यांनी मामंजींना मिशीपासून खायला सुरुवात केली असती. पानांच्या कडांना गोधडीचा धावदोरा मी घातला. माझा टाका वाकडा गेला की आत्याबाई बोलत नसत, नुसत्या उसवत. मी एवढं उसवलेलं पाहिलंय की त्या दोऱ्यानं बीडच्या वेशीला फेरा मारता आला असता. लाल खारव्याच्या कापडाचं वेष्टण घातल्यावर ते पुस्तक एवढं झालं की माझ्या एकटीच्यानं उचलेना.

मग त्यांनी कात्री घेतली आणि सगळी मुंडकी गोल कापून परातीत ठेवली. परातीतून गावचे सगळे कारभारी वर टकमक बघत होते. मी कितीदा तरी झाकण घातलं.

मामंजींना हे सगळं दिसलं नव्हतं. त्यांना सापडला तो उरलेला पुठ्ठा.

"अगं, फासावर जाईन मी!" मामंजी माजघराच्या दाराशी येऊन ओरडले. "सरकारी मुंडकं हाय ते!"

"वरडू नका," आत्याबाई आतून म्हणाल्या. "पळून न्हाई गेलं. सुनबाई, दाव त्यास्नी."

मी पुस्तक पाटासकट ओढत आणलं आणि पहिलं पान उघडलं.

मामंजी वाकले. पानावर ते स्वतः बसले होते. चेहरा फोटोतला, पण डोक्यावर लाल फेटा, खऱ्या कापडाचा, पेच न्‌ पेच घातलेला, शेमला मागं सुटलेला. कापूस भरून छाती वर आणलेली, मामंजींच्या खऱ्या छातीहून जरा जास्तच. अंगरख्याचे बंद सुटे होते, सोडले तर सुटत. मिशीला घोडीच्या शेपटीचा केस. शेजारी घोडी, फोटोतल्या तीन तोंडांपैकी एकच ठेवलेलं, बाकीची घोडी पांढऱ्या चिटाची, आणि लगाम चांदीच्या जरीचा. त्या बाईनं राखेतून माणूस उठवला होता. मी दिवसचे दिवस शेजारी बसून दोरा ओवला होता, तरी उघडल्यावर माझ्याही अंगावर काटा आला.

मामंजींनी बोटानं स्वतःचा फेटा चाचपला. मग डोक्यावरचा चाचपला. "ह्यो बरा बसलाय," एवढंच म्हणाले.

दुसरं पान उलटायच्या आधी वेशीत टापा वाजल्या.

साहेब आले, बसले, सरबत झालं. अर्ज करणारे चुलतसासरे आपले कागद काखेत धरून खांबाला टेकून उभे होते, चेहरा असा की पाटीलकी मिळालीच आहे, आता नुसती घरी न्यायची. आम्ही दोघी माजघराच्या दारावरल्या चिकाच्या पडद्यामागं. मामंजी पुस्तकावर उपरणं टाकायला गेले, पण साहेबांनीच विचारलं, "पाटील, वो तस्वीरां आयी थी ना?" आणि पुस्तक पुढं सरकवण्यावाचून इलाज राहिला नाही.

साहेबांनी मामंजींचं पान पाहिलं आणि चष्मा लावला. पुढचं पान उलटलं. तिथं ते स्वतः. खुर्ची बांगड्यांच्या काचांची, हिरवी, लखलखणारी. अंगात वांगी रंगाच्या हिमरूची शेरवानी, ती आत्याबाईंच्या लग्नातल्या चोळखणाची. मोहरीच्या दाण्यांची बटणं. डोक्यावर मखमली रुमी टोपी, तिला रेशमाचा गोंडा, आणि तो गोंडा साहेबांच्या श्वासानं हलत होता.

ढाळज अशी गप्प झाली की चिंचेवरची खार खाली आलेली ऐकू आली.

"पाटील," साहेब म्हणाले, "ये शेरवानी हमारे पास कब थी?"

मामंजींनी हात जोडले. "हुजूर," ते म्हणाले, "आता हाय."

साहेबांनी बटणावर बोट फिरवलं. मग पान उलटलं, आणि आले आमचे पाच पदर. तोंडं नव्हती म्हणून आत्याबाईंनी पदर खऱ्या कापडाचे केले होते, नखाएवढ्या जरीच्या काठांचे, वरून टाचलेले, खालून मोकळे. साहेबांनी कुतूहलानं एक पदर उचलला. मामंजींनी डोळे मिटले. सरकारच्या माणसानं पाटलाच्या बायकोचा पदर उचलला, मग तो कापडी का असेना! पण पदराखाली आरशाचा तुकडा होता. साहेबांना त्यात स्वतःचाच डोळा दिसला, आणि तो एवढा मोठा साहेब दचकून मागं सरकला. मग त्यानं पाचही पदर उचलून बघितले. पाचही ठिकाणी तोच. मग तो असा हसला की बाहेर शिपायांनाही हसावं लागलं, कशाला ते न कळता.

चिकामागं मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या सुपारी कातरत होत्या.

शेवटचं पान आलं आणि मामंजींचं तोंड पुठ्ठ्यातल्यासारखं नाहीसं व्हायची वेळ आली. तिथं चुलतसासरे बसले होते. कापून टाक म्हटलेले. हिरवा फेटा, खांद्यावर जरीकाठी उपरणं, खाली गालिचा, हातात विड्याचं तबक. मामंजींहून तसूभरही खाली नाही. फोटोत ते कडेला अर्धेच आले होते, एक गाल आणि एक कान. दुसरा गाल आत्याबाईंनी गव्हाळ कापडाचा करून जोडला होता, सुरेख.

साहेबांनी खांबाकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं, पुन्हा खांबाकडं. "येच हैं ना वो? जिनों अर्ज दिये?"

"जी हुजूर," चुलतसासरे म्हणाले, पण त्यांचं लक्ष साहेबांकडं नव्हतंच. ते मान वाकडी करून आपला फेटा बघत होते. "हिरवा," ते स्वतःशीच म्हणाले. "माझ्या बापाचा हिरवाच होता."

साहेब आपल्या कारकुनाकडं, पेशकाराकडं, वळून उर्दूत बराच वेळ बोलले. पेशकारानं ते मोठ्यानं मराठीत सांगितलं: ज्या घरानं अर्ज करणाऱ्यालाही आपल्या शेजारी गालिचा घातला, त्या घराकडून पाटीलकी काढायचं हुजुरांना कारण दिसत नाही. मामंजींनी छाती काढली. खरीच, कापसाची नव्हे. म्हणाले, "हुजूर, भाऊ हाय माझा. त्याला कसं सोडावं?" आणि मी देवाशपथ सांगते, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही त्यांच्या.

चुलतसासरे हरले. पण जाताना त्यांनी विचारलं ते एवढंच, की ते पान आणखी एकदा बघता येईल का. पुढं दर सणाला ते येत, जेवत, आणि स्वतःला बघून जात.

साहेब उठले नव्हते अजून. शेरवानीवर बोट ठेवून बसले होते. बोलले तेव्हा आवाज वेगळाच होता, दाढीत अडकलेला. पेशकार ऐकत राहिला आणि मग मामंजींना हळू सांगू लागला. साहेबांच्या वडिलांची एकच तसबीर हैदराबादेला घरी आहे. पाणी लागून खालचं सगळं गेलंय, चेहरा तेवढा वाचलाय. साहेबांच्या अम्माजान ती पेटीत ठेवतात, काढत नाहीत, बघवत नाही म्हणतात. तर पाटलीणबाई त्यांना असं बसवून देतील काय? लवकर नाही, सवडीनं. हुकूम नाही, विनंती आहे.

तालुकदाराची विनंती! आमच्या गावात तसला शब्द कचेरीतून कधी आला नव्हता. मामंजींना चिकापर्यंत यायला पावलं सापडेनात. ते दाराशी आले, घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा बायकोशी दबक्या आवाजात बोलले, "अगं, ऐकलंस का? काय सांगू हुजूरास्नी?"

आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"मुंडकं पाठवून द्या म्हणावं. धडाचं बघते मी."