आमच्या लॅबचं न्यूट्रल पाणी

अॅप्रनवरचे डाग आणि लॅबमधले किस्से, दोन्ही काही केल्या जात नाहीत. येलहंकाच्या शाळेत दहावीला केमिस्ट्री शिकवायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झालीत, पण माझा अॅप्रन बघा!

*

पीएच शिकवताना पोरांना घरातला एखादा पातळ पदार्थ टेस्ट करायला आणा म्हटलं. सुमुखनं रसमचा डबा आणला. रिकामा!

"अरे, आता टेस्ट कशाची करू?"

"मी केली, मिस. अॅसिडिक आहे. मीठ स्वल्प कमी होतं."

*

आमच्या सीनियर, पद्माअक्का. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठीत निम्मं कन्नड. त्यांच्या वर्गात जर्नलमध्ये उत्तरं आधी लिहायची, प्रयोग नंतर.

"म्हणजे चुकत नाही, अम्मा!"

मी भडकले. "मग प्रयोग करायचाच कशाला?"

"टाइमटेबलात आहे ना!"

*

अक्कांच्या वर्गातल्या काव्यानं नळाच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवली आणि जर्नलमध्ये आठ लिहिलं. आमचं पाणी बोअरवेलचं, क्षारांचं, पट्टी निळसर होतेच. अक्कांनी लाल पेनानं गोल केला.

"पाणी न्यूट्रल, म्हणजे सात! परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क जातील. मग अकरावीला सायन्स विसर. सरी, कळलं?"

काव्याला तर सायन्सच हवं होतं. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मिस, काय लिहू?"

"दिसेल ते!" मी एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारचा वर्ग गप्प झाला.

*

मग खरं न्यूट्रल पाणी दाखवतेच म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ओढला. तो कधीपासून उघडाच होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला. पट्टी पिवळट. सहा!

मागून सुमुख, "मिस, या पाण्यानं पण पुस्तक वाचलेलं नाही!"

अक्का इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसले. काय करणार!

*

प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून संस्थेच्या दुसऱ्या शाळेतले सर आले. बीकरमध्ये तेच बोअरवेलचं पाणी. अख्ख्या बॅचचं उत्तर सात. काव्याचं आठ.

"सगळ्यांचं सात आणि तुझं एकटीचंच आठ?"

काव्यानं बीकर सरळ त्यांच्यापुढे सरकवला. "सर, तुम्हीच बघा."

सरांनी पट्टी बुडवली. रंगांच्या तक्त्याला लावली. खिडकीशी नेऊन पुन्हा लावली. मग काव्याला पूर्ण मार्क दिले आणि अक्कांकडे वळले.

"मॅडम, दुपारच्या बॅचला सातवालं पाणी ठेवा!"