ओळखीचे कोंबडे

नगरला समुद्र नाही, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मुलगा लष्करी कचेरीत कारकून आहे आणि मूळचा कोकणातला आहे, एवढ्यावर माझ्या वडिलांनी मालवणजवळच्या आमच्या गावात पेढे वाटले. ‘मूळचा’ या शब्दाचा अर्थ लग्नानंतर कळला. यांचा जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची, आणि मालवणी यांना येत होती ती शिव्यांपुरती (त्याही चुकीच्या).

लढाईचे दिवस होते. हे सकाळी सायकलवर टांग मारून जात ते दिवेलागणीला उगवत. दिवसभर घरात मी आणि चार भिंती. शेजारी टांगेवाल्याची बायको, गजराकाकू, राहायची. ती नगरकडच्याच सोनई गावची. दारातून जाता-येता विचारायची, “काय गं पोरी, करमतंय का न्हाई?”

मी नुसती हसायची. करमत नाही हे सांगण्याइतकी ओळख नव्हती, आणि सांगितल्याशिवाय ओळख होणार नव्हती. आपली भाषा महिनोन्महिने कानावर पडली नाही की माणूस स्वतःशी बोलायला लागतो. मी त्याच्या पुढे गेले होते. मी चुलीशी बोलत होते.

अशात एक दिवस हे फारच खुशीत घरी आले. म्हणाले, “अगं, नगरात आपली कोकणातली बरीच कुटुंबं निघाली. आम्ही मंडळ काढतोय. सागर मंडळ.”

(नगरात सीना नावाची नदी आहे. तिच्यात पाणी असतं असं ऐकून आहे.)

मंडळाचं उद्घाटन शनिवार-रविवार धरून थाटात करायचं ठरलं. शनिवारी भाषण आणि जेवण, रविवारी गाणी आणि नाटकातले प्रवेश. हे चिटणीस. चिटणिसांनी मला न विचारता जाहीर केलं, “वडे-कोंबडी आमच्याकडे. आमची ही थेट मालवणची आहे.”

मला त्याचा रागही आला नाही. बायका येतील, ‘खंयची गो तू?’ म्हणून विचारतील, या आनंदात मी पस्तीस माणसांचे वडे कबूल केले.

गुरुवारी गजराकाकूच्या भावाने सोनईहून डालगंभर कोंबडे आणून आमच्या पडवीत ठेवले. शनिवारी सकाळी ते कापायचे. म्हणजे मध्ये दोन दिवस. तिथेच सगळा घोटाळा झाला.

पहिल्या दिवशी मी त्यांना दाणे टाकताना सहज म्हटलं, “जेवलात मां?” एकाने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. नगरात आल्यापासून माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. मग मी बसलेच. गावची जत्रा, आईचं दुखणं, धाकट्या बहिणीचं ठरत असलेलं लग्न, सगळं सांगितलं. तांबड्या तुऱ्याचा मोठा कोंबडा हुबेहूब आमच्या आबामामासारखा चालायचा. त्याचं नाव आबामामा पडलं. शुक्रवारपर्यंत डालग्यात अख्खं आजोळ जमलं होतं.

शनिवारी सकाळी हे बाह्या सरसावून आले. “चल, कोंबडे दे. खाटीक खोळंबलाय.”

मी डालग्यापुढे उभी राहिले. “नको.”

“नको म्हणजे?”

“ओळख झालीय.”

“कोंबड्यांशी?”

“तुमच्या सभासदांपेक्षा जास्त.”

यांनी आधी रागावून पाहिलं, मग समजावून पाहिलं. शेवटी दारात बसकण मारून म्हणाले, “संध्याकाळी पस्तीस माणसं जेवायला येणार. त्यांना काय तुझे नातेवाईक दाखवू?”

ते ऐकून मला रडू फुटलं. ते ऐकून गजराकाकू धावत आली. तिने डालगं पाहिलं, मला पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “रडायचं न्हाई. वडे हायेत ना? मग येसराची आमटी करू. भाजलेल्या धान्याचं पीठ अन् मसाला. घरात डबा भरून हाय. लई झणझणीत हुती. खाणाराला कोंबडी आठवायची न्हाई.”

तिने दुपारभर माझ्याकडून आमटी करवून घेतली. दर खेपेला मी मूठभर येसर घातला की ती म्हणे, “आजून.” कोंबडे तिच्या भावाच्या गाडीतून सोनईला परत गेले. पुढचं मी विचारलं नाही.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत मंडळी जमली. कुणी अलिबागची, कुणी चिपळूणची, कुणी पेणची. सगळ्या बायका शुद्ध पुणेरी बोलत होत्या. ‘खंयची गो तू’ कुणीच विचारलं नाही. एकीने मला “आपलं माहेर कोणतं?” असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीच्या पाटल्या बघायला गेली.

पंगत बसली. अध्यक्ष झालेले नेवरेकर वकील वडा आमटीत बुडवून खात उठले आणि भाषणाला लागले. “बंधुभगिनींनो, आज या चवीने...” इथे आमटी त्यांच्या घशात पोहोचली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोन मिनिटांत अख्खी पंगत डोळे पुसत होती. वकील सावरून म्हणाले, “पाहा. गावाची आठवण काय असते ती पाहा.” टाळ्या पडल्या.

त्या गर्दीत मी खरोखरच रडत होते. पस्तीस रडणाऱ्या माणसांत ते कुणाला कळणार? वाढायला मदत करणारी गजराकाकू तेवढी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पदराने माझं तोंड पुसत हळूच म्हणाली, “तुझं तिखटाचं न्हाई, पोरी. उद्यापास्नं दुपारची माझ्याकडं येत जा. तुझ्या बोलीत बोल. मला कळलं न्हाई तरी मी व्हय व्हय म्हनंन.”

मी गेले. रोज गेले. ती खरंच व्हय व्हय म्हणत राहिली.

सागर मंडळ पुढे वर्षभरात आटलं, पण त्या आमटीचं नाव झालं. “अस्सल मालवणी हो,” असं म्हणत कोकणातल्या बायका कृती विचारायला माझ्या घरी येऊ लागल्या. मी त्यांना पाटावर बसवायची, पाणी द्यायची, “आमच्या आजीच्या हातची कृती आहे, जरा आठवते हं,” म्हणायची आणि मागच्या दाराने गजराकाकूला विचारायला पळायची.